आययूआय करण्याआधी काय पाहावे?

प्रश्न : माझे वय 31 असून यजमान 34 वर्षांचे आहेत. दीड वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिलेले नाहीत. पाळी नियमित आहे आणि यजमानांचा वीर्यतपासणीचा अहवाल ठीक आहे. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात आययूआय सुचवले आहे. शेजारच्या ताई मात्र म्हणतात, त्यात वेळ घालवण्यापेक्षा सरळ टेस्ट ट्यूब बेबीच करून घ्या. आम्ही काय करावे? यजमान हिंजवडीत नोकरीला आहेत आणि दवाखान्यात नमुना देण्याचा त्यांना फार संकोच वाटतो.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : आपल्या पत्रात बीजवाहिन्यांच्या, म्हणजे गर्भाशयाच्या दोन बाजूंच्या नळ्यांच्या, तपासणीचा उल्लेख नाही आणि मला सर्वांत आधी तेच विचारावेसे वाटते. आययूआयमध्ये पतीचे वीर्य प्रयोगशाळेत धुऊन, त्यातील चपळ शुक्राणू वेगळे काढून, बारीक लवचीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात. तिथून पुढचा सारा प्रवास निसर्गावरच सोपवलेला असतो, कारण शुक्राणू आणि स्त्रीबीज यांची गाठ बीजवाहिनीतच पडते. दोन्ही नळ्या बंद असतील तर कितीही वेळा आययूआय केले तरी उपयोग नाही. म्हणून पाळीचा रक्तस्राव थांबल्यानंतरच्या चार-पाच दिवसांत एचएसजी, म्हणजे नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे, करून घ्यावा. त्या वेळी पोटात कळ येते, पण ती थोड्या वेळात थांबते. निदान एक नळी मोकळी असेल, तर आपल्या वयात डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो.

प्रत्यक्ष उपचार असा असतो : पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल किंवा क्लोमिफेनच्या गोळ्या, त्यानंतर एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी, जिला दवाखान्यात सगळे फॉलिक्युलर स्टडी म्हणतात. बीजकोश, म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढते ती छोटी पिशवी, साधारण 18 ते 20 मिलिमीटरचा झाला की बीज सुटण्यासाठी इंजेक्शन देतात आणि सुमारे 36 तासांनी आययूआय करतात. सुटलेले स्त्रीबीज जेमतेम 12 ते 24 तास टिकते, म्हणून ही वेळ इतकी काटेकोरपणे पाळावी लागते. नळी आत घालण्याचे काम काही मिनिटांचे असून भूल द्यावी लागत नाही. सोनोग्राफीत तीन-चार मोठे बीजकोश दिसले, तर जुळ्या-तिळ्यांचा धोका टाळण्यासाठी डॉक्टर तो महिना सोडून देण्याचा सल्ला देऊ शकतात, तो ऐकावा.

यश मात्र एका महिन्यात शंभर जोडप्यांपैकी साधारण दहा ते पंधरांनाच मिळते, त्यामुळे पहिल्या खेपेला पाळी आली म्हणून खचू नये. तीन-चार वेळा नीट करूनही दिवस राहिले नाहीत, तर शेजारच्या ताईंचा सल्ला विचारात घेण्याची वेळ आली असे समजावे. वय 38-40 असते, तर मी इतके थांबायला सांगितले नसते.

नमुना घरी घेऊन आणता येतो, पण डॉक्टरांनी दिलेल्या निर्जंतुक डबीतच घ्यावा, डबी अंगाच्या उबेजवळ ठेवावी आणि तासाभराच्या आत पोहोचवावी. हिंजवडीहून निघून सकाळच्या गर्दीत हडपसरला तासाभरात पोहोचण्याचा भरवसा कोणी पुणेकर देणार नाही. त्या दिवशी यजमानांनी रजाच घ्यावी. डबीवर दोघांची नावे स्वतः वाचून मगच ती हाती द्यावी. 2021च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार केवळ आययूआय करणाऱ्या केंद्रालाही नोंदणी सक्तीची आहे. ते प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच नसावा.

प्रश्न : सुनेला आययूआय सांगितले आहे. त्यानंतर पंधरा दिवस तिने अंथरुणातच राहावे का? मुलाचीही तपासणी करायला सांगतात, पण त्याची प्रकृती उत्तम आहे. मग गरज काय?
– एक सासूबाई, कोथरूड

उत्तर : आपल्याला सुनेची काळजी आहे, हे वाचून बरे वाटले, पण तपासणी मुलाचीच आधी व्हायला हवी. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटा मोठा असतो आणि दणकट प्रकृतीवरून शुक्राणूंची संख्या कळत नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, इतकेच ते काम आहे. अहवाल कमी आला तर लगेच शिक्का मारू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम दिसतो आणि तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

अंथरुणात राहण्याची गरज नाही. दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटे पडून राहिल्यावर सूनबाई घरी जाऊ शकतात, जिना चढू शकतात आणि दुसऱ्या दिवशी कामावरही जाऊ शकतात. ताप, ओटीपोटात वाढत जाणारे दुखणे किंवा पोट फुगून दम लागणे असे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गर्भधारणेची चाचणी चौदा दिवसांनीच करावी. बीज सुटण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनचा अंश आठ-दहा दिवस शरीरात राहू शकतो आणि घाईने घरी केलेल्या चाचणीत त्यामुळे दोन रेघा खोट्याच उमटू शकतात.