बॅटरीतली वीज विकावी की राखावी?

छतावर सोलर बसवून झालं की पुढचा प्रश्न बॅटरीचा येतो. बॅटरी घ्यावी का, घेतली तर ती कधी भरावी, कधी वापरावी, आणि त्यातून पैसे सुटतात का? या वेळची निवडक पत्रं याच विषयावरची आहेत.

प्रश्न : माझा मुलगा ब्रिस्बेनला असतो. त्याच्या घरची बॅटरी दुपारी स्वस्त वीज भरून घेते आणि संध्याकाळी भाव चढला की आपोआप विकते. आमच्या गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर आहे. बॅटरी घेतली तर आम्हालाही असं करता येईल का? (एक वाचक, राजारामपुरी)

ताई, मुलगा सांगतो ते खरं आहे. आपल्या कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो, तसा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या राज्यांत दर पाच मिनिटांनी विजेचा सौदा निघतो. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे हिशोबही पाच-पाच मिनिटांचाच होतो. काही कंपन्या हा घाऊक भाव घरगुती ग्राहकाला जसाच्या तसा लावतात. दुपारी घराघरांवरचं सोलर एकदम जोरात असतं, तेव्हा भाव शून्याखाली जातो. नियमाप्रमाणे तो युनिटला उणे १ डॉलरपर्यंत घसरू शकतो. म्हणजे त्या वेळी वीज विकणाऱ्यालाच पदरचे पैसे मोजावे लागतात आणि घेणाऱ्याची चांदी होते. उलट संध्याकाळी टंचाई झाली तर भाव किती चढावा? २०२४-२५ सालची कमाल मर्यादा युनिटला साडेसतरा डॉलर होती. इतकी मोठी दरी असल्यावर बॅटरीचा धंदा जमतो. अर्थात, सौद्याचा धोकाही घरमालकाच्याच माथी असतो. भाव चढलेला असताना बॅटरी रिकामी राहिली तर बिल तसंच येतं.

कोल्हापुरात तुम्हाला हे करता येणार नाही. आपल्याकडेही वीजबाजार आहे. इंडियन एनर्जी एक्स्चेंज २००८ पासून चालू आहे. तिथे दिवसाचे ९६ भाग पाडून दर पंधरा मिनिटांचा भाव ठरतो आणि तो युनिटला १० रुपयांच्या वर जाऊ दिला जात नाही. पण त्या बाजाराचं दार घरगुती ग्राहकाला बंद आहे. २०२२ च्या हरित ऊर्जेच्या नियमांनी थेट खरेदीची मर्यादा १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली, तरी तुमचं-माझं घर त्याच्या आसपासही जात नाही.

तुमच्याकडे नेटमीटर (लाईनीत दिलेली आणि लाईनीतून घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) असेल, तर दुपारी लाईनीत दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटासमोर वजा होतं. दिलं एक, मिळालं एक. तेच युनिट बॅटरीत घालून रात्री काढलंत तर हाती साधारण ०.९ येतं, बाकीचं भरण्या-काढण्यात जातं. म्हणून नेटमीटरवाल्या घराने पैसे वाचवण्यासाठी बॅटरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अंधारात बसायचं नाही म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या.

प्रश्न : आमच्याकडे सोलर नाही, पण नवीन टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर बसलाय. दिवसा वीज स्वस्त झाली म्हणतात. ५ युनिटची लिथियम बॅटरी दिवसा भरून रात्री वापरली तर फायदा होईल का? विक्रेता दीड लाख सांगतोय. (एक वाचक, कसबा बावडा)

जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत सवलत आहे, युनिटला ८० पैसे ते १ रुपया. पूर्ण रुपया धरू आणि एरवीचा दर सगळं मिळून १२ रुपये मानू. दिवसा ५ युनिट भरायला ५५ रुपये लागतील. रात्री त्यातले साडेचार हाती येतील, त्यांची किंमत ५४ रुपये. म्हणजे रोज एक रुपया गाठचा जातो, आणि दीड लाख अजून हिशोबात धरलेच नाहीत.

तेही धरू. बॅटरी ४,००० वेळा भरली-रिकामी झाली, तर आयुष्यभरात १८,००० युनिट देईल. नुसत्या बॅटरीचा खर्च युनिटामागे सव्वाआठ रुपयांच्या वर पडतो. एक रुपयाच्या सवलतीने तो कसा भरून निघणार? विक्रेत्याने कागदावर वेगळं गणित मांडलं असेल, तर त्यात ही दहा टक्के तूट धरली आहे का, एवढं नक्की विचारा.

सवलत हवी असेल तर कामंच दिवसा उरका. वॉशिंग मशीन, गिझर, बोरची मोटर, इस्त्री हे सगळं ५ च्या आत झालं की रुपया अख्खा खिशात राहतो. आणि हातात दीड लाख असतील तर ते आधी पॅनेलला लावा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. बॅटरीला ते मिळत नाही.

प्रश्न : भर दुपारी, कडक उन्हात लाईट जाते आणि आमचं सोलरही बंद पडतं. हा दोष आहे का? (एक वाचक, उचगाव)

दोष नाही. लाईन बंद झाली की साध्या इन्व्हर्टरने बंद पडलंच पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. लाईट गेल्यावरही सोलर चालू ठेवायचं असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी दोन्ही लागतात.

प्रश्न : आमचं घर शुक्रवार पेठेत, पुराच्या पट्ट्यात आहे. २०१९ ला आणि २०२१ ला कित्येक दिवस वीज नव्हती. आता हायब्रिड यंत्रणा आणि ५ युनिटची बॅटरी आहे. पावसाळ्यात काय करावं? (एक वाचक)

तुमच्या घरी बॅटरीचं खरं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी ३९ कडे सरकू लागलं की इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये जाऊन राखीव साठा १०० टक्क्यांवर ठेवा. त्यामुळे लाईन चालू आहे तोवर बॅटरी कशालाही वापरली जाणार नाही, भरलेली राहील. पॅनेलच्या भरवशावर राहू नका. त्या दिवसांत आभाळ इतकं दाटलेलं असतं की नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही वीज मिळाली नाही असं होतं. बॅटरी लाईनीवरूनच भरून घ्या.

मग ती पुरवायची कशी? ३० वॉटचे तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे बारा तास, ९ वॉटचे पाच बल्ब सहा तास आणि वायफाय दिवसभर, एवढ्याला दिवसाला साधारण १.६ युनिट लागतात. ५ युनिटच्या बॅटरीतून हाती येणारे साडेचार युनिट जवळजवळ तीन दिवस जातात. फ्रीज लावलात तर दीड दिवसात संपतात. घरात इन्सुलिन असेल तर फ्रीज हवाच, मग पंखे कमी करा. गिझर आणि मिक्सर बॅटरीच्या सर्किटवर ठेवूच नका.

बॅटरी आणि इन्व्हर्टर आत्ता कुठे लावलेत? खालच्या मजल्यावर असतील तर हा पावसाळा यायच्या आधी वर न्या. भिंतीवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अजून असतील. त्यातल्या वरच्या खुणेपेक्षाही चांगलं वर ठेवा.

घर सोडायची वेळ आली तर मेन स्विचबरोबर पॅनेलकडून येणारा डीसी स्विचही बंद करा. उजेड असेपर्यंत पॅनेलच्या वायरीत विजेचा दाब असतोच, मेन बंद केल्याने तो जात नाही. त्या वायरी पाण्यात असतील तर हात लावू नका. आणि बॅटरीत पाणी शिरलं असेल तर वाळवून चालू करून बघायचा मोह कृपा करून टाळा. लिथियम बॅटरी भिजल्यावर काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. तंत्रज्ञाला बोलावून ती घराबाहेर, उघड्यावर हलवून घ्या.

प्रश्न : बॅटरी रोज किती टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी? आमच्याकडे १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्यूब्युलर, म्हणजे शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या आहेत, मेहुण्यांकडे लिथियम. दोघांना एकच नियम का? (एक वाचक, नागाळा पार्क)

नाही, जवळजवळ उलटे नियम आहेत. तुमच्या दोन ट्यूब्युलरमध्ये कागदावर ३.६ युनिट आहेत, पण निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर खराब होतात, म्हणून १.८ च धरा. वापरल्या की लगेच पूर्ण भरा. अर्धवट ठेवलेली ट्यूब्युलर आतून मरत जाते. डिस्टिल्ड वॉटर बघत राहा.

मेहुण्यांची लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ती २० टक्क्यांपर्यंत उतरली तरी बिघडत नाही, आणि सदा १०० वर ठेवायचीही गरज नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा मात्र पूर्ण भरू द्या. या बॅटरीचा विजेचा दाब (व्होल्टेज) बराच वेळ सारखाच राहतो, त्यामुळे आतल्या यंत्रणेला शिल्लक नेमकी कळत नाही. पूर्ण भरल्यावर तिचा हिशोब परत जुळतो. एप्रिल-मे मध्ये वळवाच्या पावसात संध्याकाळी लाईट जाते. तेव्हा राखीव साठा २० वरून ५० टक्क्यांवर न्यायला सांगा.

प्रश्न : उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. संध्याकाळी वीज महाग पडते. घरातलीच ५ युनिटची बॅटरी तिथे नेऊन लावू का? (एक वाचक)

नका लावू, दादा. संध्याकाळच्या दराबद्दलची तुमची तक्रार बरोबर आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे उद्योगांचा मागणीच्या वेळेतला दर नेहमीच्या निदान १.२ पट ठेवावा लागतो. पण तुमच्या लेथची मोटर १० एचपीची धरली, तर ती म्हणजे साडेसात किलोवॉट. ती थेट स्टार्टरवर सुरू होताना पाच-सहापट करंट ओढते. घरगुती इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होईल. तुमच्या जागी मी आधी जास्त वीज खाणारी कामं सकाळी ९ ते ५ मध्ये बसवीन आणि संध्याकाळी फिटिंग, तपासणी, पॅकिंग ठेवीन. त्यानंतर तीन महिन्यांची बिलं घेऊन बसा. संध्याकाळच्या रकान्यात किती युनिट उरली ते बघितल्याशिवाय बॅटरीचं कोटेशन मागवू नका.