जखम घरी पिकली, हॉस्पिटलच्या हिशेबात आली का?

प्रश्न : डॉक्टर, आईचं हर्नियाचं ऑपरेशन एका प्रायव्हेट हॉस्पिटलात झालं, आत जाळी बसवली. घरी आल्यावर आठवड्याभरात जखम लाल झाली न पू यायला लागला. हॉस्पिटल लांब, म्हणून गावच्या हेल्थ सेंटरात ड्रेसिंग केलं, गोळ्या घेतल्या, आता बरीय. पण हॉस्पिटलातून एक फोन नाही. असल्या केसेस कोणी मोजतं का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमचा प्रश्न एकदम बरोबर जागी लागलाय. तुम्ही परत गेला नाहीत आणि त्यांनी विचारलं नाही, म्हणजे त्यांच्या रजिस्टरात आईची केस बहुतेक 'नीट घरी गेली' अशीच असणार. ऑपरेशननंतरची बरीच इन्फेक्शन्स डिस्चार्ज झाल्यावरच डोकं वर काढतात, म्हणून जखमेवर ३० दिवस लक्ष ठेवायचं आणि हर्नियाला खोलवरच्या इन्फेक्शनसाठी ९० दिवस, असा नियम अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, घालून दिलाय. वॉर्डातून पेशंट गेला की मोजणं बंद केलं तर आकडा छान दिसतो, खरा नसतो.

आणि मोजायचं कोणी? माझं स्पष्ट मत आहे, ज्याने ऑपरेशन केलं त्याने नाही. अमेरिकेत ऑपरेशनांचा दर्जा तपासणाऱ्या एनएसक्यूआयपी नावाच्या प्रोग्रामात ट्रेनिंग घेतलेली नर्स केसपेपर वाचते, ३० दिवसांपर्यंत काय झालं ते शोधते, गरज पडली तर पेशंटला फोन करते. आपल्याकडे तेवढा पसारा नको, एक सिस्टर, एक वही, एक फोन पुरे. गोवा एवढासा, पेडण्याचा पेशंट असो की काणकोणचा, ड्रेसिंगला तो जवळच्या हेल्थ सेंटरातच जाणार, तर डिस्चार्ज कार्डावर 'जखम बिघडली तर या नंबरवर कळवा' एवढं छापलं तरी तिथल्या सिस्टरना कळवता येईल.

नुसतं मोजूनही भागत नाही. बऱ्याच हॉस्पिटलांत डॉक्टरांच्या आढावा मीटिंगमध्ये चर्चा होते ती मृत्यूंची, आईसारख्या केसेस तिथपर्यंत पोचतच नाहीत. यासाठी ऑपरेशननंतरच्या त्रासाला ग्रेड देणारी २००४ची क्लॅव्हियन-डिंडो पद्धत चांगलीय, त्यात त्रास किती झाला यापेक्षा तो निस्तरायला काय करावं लागलं ते बघतात. बेडवरच जखम उघडून साफ केली तर ग्रेड एक, अँटिबायोटिक द्यावं लागलं तर दोन, परत ऑपरेशन किंवा तसलीच प्रोसिजर तीन, जिवावर बेतून आयसीयू चार, मृत्यू पाच. गोळ्या अँटिबायोटिकच्या असतील तर आईची केस दोनमध्ये बसते. एकट्या अशा केसमधून काही कळत नाही, पण तीन महिन्यांच्या एकत्र मांडल्या की दिसायला लागतं, चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक गेलं होतं का (डब्ल्यूएचओच्या २००८च्या ऑपरेशन चेकलिस्टमध्ये हा प्रश्न आहेच), त्या जागेवरचे केस रेझरने काढले का, रेझरने त्वचेला बारीक जखमा होतात म्हणून तो टाळायचा असतो. मीटिंगमध्ये 'कोणी केलं' विचारलं की लोक लपवतात. 'कुठे सुटलं' विचारा, मग बोलतात.

तुम्ही आता एवढं करा. हॉस्पिटलला लेखी कळवा, हेल्थ सेंटरच्या कागदांची कॉपी जोडा, भांडायला नाही, नोंद व्हायला. तुम्हाला केसपेपर हवे असतील तर अर्ज द्या, मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने ते ७२ तासांत द्यायचे असतात. आणि आत जाळी आहे, त्यामुळे तिथे परत सूज, पाणी किंवा ताप आला तर हेल्थ सेंटरवर न थांबता थेट सर्जनला दाखवा, बरी दिसली तरी तीन महिने लक्ष ठेवाच.