दुकानातल्या उबुंटूला फाईलझिला जोडत नाही. दुकानात एक एरर, घरी दुसराच. नक्की बिघडलंय काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: इंदिरानगरला फोटो स्टुडिओ, लग्नाचे सगळे फोटो तिथल्या उबुंटू (विंडोजच्या जागी लिनक्स) कॉम्प्युटरवर. गेल्या आठवड्यात उबुंटू नव्याने टाकलं, तेव्हापासून विंडोज लॅपटॉपवरून फाईलझिला, म्हणजे फाइली पाठवायचा प्रोग्राम, दुकानात बसून 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणतं. नाशिकरोडला घरून तर पहिल्यापासूनच 'टाइम्ड आउट'. फाईलझिला तीनदा काढून परत टाकलंत. चौथ्यांदा नका टाकू, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मशीनवर प्रोग्राम पाठवायच्या निमित्ताने माझं हे रोजचंच आहे. तुम्ही एक बिघाड शोधताय, पण ते दोन आहेत आणि दोन्ही एररनी तुम्हाला ते सांगितलंय. 'रिफ्यूज्ड' म्हणजे तुम्ही दारापर्यंत पोचलात आणि आतून उत्तर आलं, 'इथे असं कोणी राहत नाही.' आयपी बरोबर, वायफाय बरोबर, फक्त त्या पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या खोलीत, ऐकणारं कोणी नाही. 'टाइम्ड आउट' म्हणजे हाक मारली आणि पलीकडून काहीच आलं नाही. पत्ता चुकला, कॉम्प्युटर झोपलाय, नाहीतर मधल्या फायरवॉलने हाक गिळली.

आधी दुकानातलं. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत एसएसएचचा (दुसऱ्या कॉम्प्युटरला सुरक्षितपणे जोडायची सोय) क्लायंट, म्हणजे बाहेर जोडणारा भाग, आयता असतो; सर्व्हर, म्हणजे येणारं कनेक्शन घेणारा भाग, नसतो. मागच्या वेळी कोणीतरी तो टाकून दिला असणार, नव्याने उबुंटू टाकल्यावर तो गेला. (कमांड बोलतो तशा लिहितोय, टाइप करताना इंग्रजीतच करा.) टर्मिनलमध्ये 'सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर' द्या. नव्या उबुंटूत त्यानंतर सर्व्हिसचं स्टेटस 'इनॅक्टिव्ह' दिसलं तर घाबरू नका. २२.१० आवृत्तीपासून आधी सॉकेट (पोर्टवर कान लावणारा भाग) ऐकत बसतो आणि पहिलं कनेक्शन आलं की सर्व्हिस उठते. खात्रीच करायची तर 'सुडो एसएस -टीएलएनपी' द्या, यादीत २२ (एसएसएचचा पोर्ट) दिसलं की झालं. उबुंटूचं यूएफडब्ल्यू फायरवॉल पुढे चालू केलंत तर 'सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ एसएसएच' हेही लागेल, नाहीतर 'रिफ्यूज्ड' जाऊन दुकानातही 'टाइम्ड आउट' येईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

फाईलझिलात वरच्या पट्टीत पोर्टची चौकट रिकामी ठेवली की ते साध्या एफटीपीने (फाइली पाठवायची जुनी पद्धत) २१ वर जातं. तिथे तुमच्याकडे कोणीच नाही. २२ लिहा, म्हणजे ते एसएफटीपीने, एसएसएचवरून फाइली पाठवायच्या पद्धतीने, जाईल. आणि पहिल्यांदा जोडताना 'होस्ट की बदलली आहे' असा इशारा येईल, कारण नव्या उबुंटूबरोबर सर्व्हरच्या ओळखीच्या किल्ल्याही नव्या तयार झाल्या. एरवी असा इशारा आला तर मी थांबून विचार करायला सांगेन. इथे कारण माहीत आहे, हो म्हणा.

आता घरचं. घरूनही तुम्ही १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी टाकताय ना? तो पत्ता दुकानाच्या राउटरच्या आतला. नाशिकरोडहून तो टाकला की लॅपटॉप तुमच्या घरच्याच वायफायवर तो शोधत बसतो. बरेच जण इथे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक आतल्या कॉम्प्युटरकडे वळवणं) करायला सांगतील. त्याआधी एक बघा: राउटरच्या पानावर दिसणारा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी आणि 'माझा आयपी काय' असं सर्च केल्यावर दिसणारा आयपी एकच आहे का. वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर इंटरनेटवाल्याने एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. मग फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरची हाक तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. मी स्वतः यात एक अख्खा रविवार घालवलाय.

आयपी एकच निघाला तरी २२ उघडा टाकू नका असंच माझं मत. मी एकदा एका गिऱ्हाइकाकडे टाकला होता. दुसऱ्या दिवशी ऑथ.लॉग (लॉगिनची नोंदवही) उघडली तर 'रूट', 'अॅडमिन', 'टेस्ट' अशी नावं घेऊन जगभरातून पासवर्डचे अंदाज मारणं चालू होतं. दोन्हीकडे टेलस्केल (कॉम्प्युटरना इंटरनेटवरून खाजगी नेटवर्कात जोडणारा प्रोग्राम) टाका, ते दोन्ही कॉम्प्युटरना आपापसातला एक कायमचा पत्ता देतं. तोच फाईलझिलात भरा, दुकान असो की घर. लाइट गेल्यावर राउटरने आयपी बदलला तरी हा बदलत नाही. बायॉसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय आणि उबुंटूत सस्पेंड बंद, एवढं करून ठेवा.

तरी अडलंच तर फाईलझिला बाजूला ठेवून विंडोजच्या पॉवरशेलमधून 'एसएसएच -व्ही' ने जोडून बघा. 'कनेक्शन एस्टॅब्लिश्ड' ही ओळ आली तर नेटवर्क सुटलं, पुढचा घोळ पासवर्डचा किंवा किल्लीचा.

आणि एसएसएच चालतंय पण एसएफटीपी नाही, असंही होतं. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मला 'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १३१५००७८४१' असा एरर आला होता. शे-दोनशे केबीची फाइल, एकशे तीस कोटींचा मेसेज कुठून आला? शेवटी तो आकडा चार बाइटमध्ये फोडला: ७८, ९७, १०९, ९७. अक्षरं झाली एन, ए, एम, ए. मीच हौसेने बॅशआरसी (टर्मिनल उघडताना आपोआप चालणारी) फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत रोमन अक्षरांत 'नमस्ते' छापायला सांगितलं होतं. समोरचा प्रोग्राम पहिल्या चार बाइटना मेसेजची लांबी समजतो, त्याने माझं 'नमा' लांबी म्हणून वाचलं. ती ओळ काढली आणि फाइली जायला लागल्या. 'नमस्ते' आता मोटडी (लॉगिनच्या वेळच्या संदेशाची) फाइलमध्ये आहे, तिथलं लॉगिन करणाऱ्या माणसालाच दिसतं.