प्राणिसंग्रहालयात जन्मलेली पिल्लं पुढे जातात कुठे?

तुम्ही विचारलंय की कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पिल्लं झाल्याच्या बातम्या पेपरात येतात, पण तिथं गेलं की प्राणी आधी होते तेवढेच दिसतात. मग ही पिल्लं विकतात, का मरतात, का आणखी कुठं पाठवतात?

विकत नाहीत, हे आधी सांगून टाकतो. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली आलं. वाघ-सिंहांसारखा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतला प्राणी एका संग्रहालयातून दुसरीकडे द्यायचा तर त्याची परवानगी लागते, आणि घेणारंही मान्यताप्राप्त असावं लागतं. व्यवहार बहुतेक अदलाबदलीचे असतात. मुंबईच्या राणीबागेतली शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात राणीबागेतच त्यांच्या वीरा या पिल्लाचा जन्म झाला. औरंगाबादला वाघ जास्त झाले होते, मुंबईला जोडी हवी होती. म्हणजे एका गावाच्या पेपरात आलेली जन्माची बातमी काही वर्षांनी दुसऱ्या गावाच्या पेपरात 'नवे पाहुणे दाखल' म्हणून येते. मधला प्रवास कुणी छापत नाही.

काही पिल्लं मरतात, तेही खरं. राणीबागेत पेंग्विनचं पहिलं पिल्लू २०१८ च्या १५ ऑगस्टला जन्मलं, देशभर गाजलं आणि आठवडाभरात गेलं. आणि काही पिल्लं असतात, पण आपल्याला दिसत नाहीत. वाघीण व्याली की तिला आतल्या खोलीत ठेवतात आणि तिकडची वर्दळ बंद करतात, कारण बिथरलेली आई पिल्लांना टाकून देते, कधी मारूनही टाकते. तुम्ही गेलात तेव्हा पिंजरा रिकामा वाटला असेल, तर मागच्या बाजूला भरलेला असण्याची शक्यता बरीच.

मला हा नाद बऱ्याच वर्षांपासून आहे. सांगली जिल्ह्यातल्या पलूसकडच्या माणसाला प्राणिसंग्रहालय म्हणजे कात्रज नाहीतर थेट राणीबाग, त्यामुळे बघण्यापेक्षा वाचण्यावरच माझा भर. वाचायचं काय, तर वार्षिक गणती. प्रत्येक मान्यताप्राप्त संग्रहालयाला १ एप्रिल ते ३१ मार्चचा हिशेब प्राधिकरणाला द्यावा लागतो. एका ओळीत एक जात, आणि पुढे रकाने: वर्षाच्या सुरुवातीला किती, जन्म किती, बाहेरून आले किती, बाहेर गेले किती, मेले किती, शेवटी उरले किती. प्रत्येक रकान्याचे पुन्हा तीन भाग: नर, मादी, आणि लिंग न कळलेले. समजा चितळाच्या ओळीत सुरुवातीला ९० आहेत, जन्म २०, बाहेर गेले ०, मेले १८ आणि शेवटी ९२. बातमी आली ती त्या वीसची. अठराची आली नाही. पण मी तो अठराचा आकडा आधी बघतो, आणि त्याच्या शेजारचं शून्य त्याहून आधी. जन्म भरपूर आणि 'बाहेर गेले' वर्षानुवर्षं शून्य असेल तर त्या कुंपणात दाटी झालेली आहे हे न जाता कळतं.

दाटी झाली की काय होतं ते गेल्या वर्षी आपल्या दोन्ही बाजूंना दिसलं. जुलै २०२५ मध्ये कात्रजला आठवड्याभरात १६ चितळं गेली. निदान निघालं लाळ्या-खुरकुताचं, म्हणजे आपल्या गोठ्यात येतो तोच रोग. नोव्हेंबरात बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीच्या संग्रहालयात चार-पाच दिवसांत ३१ काळविटं मेली, ती घटसर्पानं. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना या दोन्ही रोगांची ओळख करून द्यायला नको. गाईला दावणीला धरून लस टोचता येते. काळवीट नुसतं धरलं तरी धसक्यानं मरू शकतं. म्हणून एकाच जागी मोठा कळप वाढवण्यापेक्षा तोच कळप चार गावांत वाटलेला बरा. एकीकडे साथ आली तरी सगळं जात नाही.

आता न जन्मलेल्यांकडे येतो. हे कुणी सांगत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे. चितळाची मादी साधारण साडेसात-आठ महिने गाभण असते, एकावेळी बहुधा एकच पाडस देते, पण पाडस अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. वाघ नाही, बिबट्या नाही, चारा वेळेवर. मग वाढ थांबणार कशानं? त्यावर उपाय म्हणजे नर आणि माद्या वेगळ्या ठेवणं. एखाद्या कुंपणात सगळी शिंगवालीच चितळं दिसली, कुणाच्या शिंगांवर अजून मखमल, कुणी झाडाच्या बुंध्याला घासून ती उतरवतोय, आणि मादी एकही नाही, तर लोक म्हणतात 'अरेरे, जोडी नाही'. मला ते कुंपण बघून बरं वाटतं. तिथं कुणीतरी डोकं वापरलंय.

उलट काही जन्मांच्या बातम्यांनी मला मुळीच आनंद होत नाही. पांढरा वाघ हा त्यातला पहिला. रीवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. पुढे त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावली आणि १९५८ मध्ये चार पांढरी पिल्लं झाली. आज भारतात जे पांढरे वाघ दिसतात त्यांतले बहुतेक याच घरातले. तिरळे डोळे त्या पांढऱ्या रंगाबरोबरच येतात, आणि इतर व्यंगं अशा घरातल्या घरात लावलेल्या जोड्यांतून आली. गर्दी खेचायला चांगला, जातीला उपयोग शून्य.

दुसरं उदाहरण सिंहांचं, आणि त्याचा धागा आपल्या जिल्ह्याशी लांबून का होईना जुळतो. भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, देवलांची सर्कस म्हैसाळची. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी सिंह पाहिला तो तंबूत. सर्कशीत आफ्रिकन सिंह सर्रास असत, आणि कुणाची जोडी कुणाशी लागली याची नोंद ठेवायची गरज कुणाला वाटत नव्हती. असेच सर्कशीतले आफ्रिकन सिंह पंजाबात छतबीरच्या संग्रहालयात आले आणि त्यांचा गीरच्या आशियाई सिंहांशी संकर झाला. पिल्लं झाली, कौतुक झालं, मग लक्षात आलं की ही ना गीरची, ना आफ्रिकेची. शेवटी त्या सिंहांची पैदासच थांबवावी लागली. त्यांना मरेपर्यंत सांभाळलं, पुढची पिढी होऊ दिली नाही. म्हणून हल्ली महत्त्वाच्या जातींची वंशावळीची वही असते. कुणाचे आईबाप कोण, कुणाची जोडी कुणाशी लावायची आणि कुणाची लावायचीच नाही, हे त्यावरून ठरतं. सोयरीक जुळवताना आपल्याकडे मामाचं कूळ विचारतात, तसंच.

'जास्त झालेत तर जंगलात सोडून द्या' असं तुम्ही म्हणाल, बरेच जण म्हणतात. पिंजऱ्यात वाढलेल्या वाघाच्या बाबतीत ते विसरा. त्याला शिकार येत नाही आणि माणसाची भीती उरलेली नसते. चितळाचं मात्र जमतं, आणि ते आपल्या शेजारीच चाललंय. सागरेश्वर अभयारण्य वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या खटपटीतून उभं राहिलं, १९८५ साली जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावली, हरणं आणून सोडली, भोवती कुंपण घातलं. नावाला अभयारण्य, पण गणित संग्रहालयाचंच: कुंपण आहे आणि वाघ नाही. कुंपण तुटलं की हरणं शिवारात. देवराष्ट्रे, आसद, मोहित्यांचे वडगाव या बाजूच्या शेतकऱ्याला हरणाच्या पाडसाचं कौतुक सांगून बघा. रात्रभर माळ्यावर बसून हरभरा राखणारा माणूस तुम्हाला चहा देईल, पण तुमच्याशी सहमत होणार नाही. आणि त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही.

इथली चितळं चांदोलीत हलवायचं काम वनविभागानं हाती घेतलं ते यासाठी. तिकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला, जो २०१० मध्ये झाला, वाघांसाठी भक्ष्य कमी पडत होतं. पकडण्याची पद्धत बोमा म्हणतात ती: नरसाळ्याच्या आकाराचं जाळीचं कुंपण, आडोशाला कापड, टोकाला चारा आणि त्याच्यापुढे थेट गाडी. माणसाचा हात न लागता कळप गाडीत चढतो, कारण वर सांगितलं तसं, हात लागला तर धसका. पुढं नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली. तिच्या ताटात सागरेश्वरचं चितळ आलं असेल तर संग्रहालयाच्या हिशेबानं ते 'बाहेर गेले' या रकान्यात पडलं असतं, आणि त्या रकान्याचा एवढा चांगला उपयोग मला तरी दुसरा माहीत नाही.

तुम्हाला कात्रजचाच छडा लावायचा असेल तर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर संग्रहालयांच्या वार्षिक गणत्या बघा, आणि लागोपाठच्या दोन वर्षांच्या शेजारी शेजारी ठेवा. मागच्या वर्षीची अखेर आणि पुढच्या वर्षीची सुरुवात जुळली पाहिजे. मग एकदा प्रत्यक्ष जा. बुधवारी बंद असतं, रविवारी गर्दीत कुणी बोलत नाही. मधल्या एखाद्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर चारा टाकणारे मामा भेटतील. त्यांना 'पिल्लं किती झाली' विचारू नका, ते सगळेच विचारतात. 'या वर्षी बाहेर कोण गेलं?' असं विचारा.