वाचक विचारतात : मंचावर हशा, सेटवर शांतता

प्रश्न : जॉनी लिव्हर यांच्या नावातलं ‘लिव्हर’ साबणाच्या कंपनीवरून आलं, असं ऐकलं. खरं का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खरं आहे. मूळ नाव जॉन प्रकाश राव जानुमाला, जन्म १९५७ सालचा, आंध्रातल्या कनिगिरीचा. वडील मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात होते. घरी ओढाताण, म्हणून शाळा सातवीतच सुटली आणि नटांचे आवाज काढत रस्त्यावर पेनं विकणं सुरू झालं. पुढे ते स्वतःही त्याच कारखान्यात लागले. कंपनीच्या एका कार्यक्रमात त्यांनी साहेबांच्या नकला केल्या आणि कामगारांनी त्यांना जॉनी लिव्हर करून टाकलं. १९८१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

प्रश्न : तिथून थेट सिनेमात? — एक वाचक, परभणी

उत्तर : मधली वर्षं लोक विसरतात. ती ऑर्केस्ट्राची आणि संगीतकार कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांची. ऑर्केस्ट्रात मिमिक्रीवाला उभा राहतो तो दोन गाण्यांच्या मधल्या फटीत. मागे वादक सूर जुळवत असतात, पुढचा गायक विंगेत तयार होत असतो आणि समोरचे लोक गाणी ऐकायला आलेले असतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात हशा पडला नाही तर रांगा चहाला उठतात. प्रस्तावनेला जागाच नाही. ‘हँसी के हंगामे’ या कॅसेटने आणखी एक शिस्त लावली असणार : तिथे चेहरा नाही, हातवारे नाहीत, सगळं आवाजावर.

सुनील दत्त यांच्या ‘दर्द का रिश्ता’ (१९८२) मध्ये ते दिसले. तरी खरा जम बसला तो ‘बाजीगर’मधल्या बाबुलालने, १९९३ साली. म्हणजे अकरा वर्षांनी. आमच्या मते बाबुलाल चालला कारण त्याचा विसरभोळेपणा हा स्वभाव होता. विनोद त्यातून निघत होते, वरून चिकटवलेले नव्हते. ‘दीवाना मस्ताना’ आणि ‘दुल्हे राजा’ यांसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. मात्र नव्वदच्या दशकात विनोदाचा वेगळा ‘ट्रॅक’, म्हणजे मूळ कथेला समांतर धागा, ठेवायची पद्धत होती आणि त्यातलं बरंचसं नटाच्याच अंगावर टाकलं जायचं. त्यांच्या काही भूमिका एकमेकींसारख्या वाटतात, त्याचा दोष त्या पद्धतीकडेही जातो.

प्रश्न : मी पुण्यात ओपन माइक (कुणालाही मंचावर येऊन विनोद सादर करता येतात ते कार्यक्रम) करते. तिथे हशा मिळतो, पण मालिकेच्या ऑडिशनमध्ये दर वेळी ‘जास्त होतंय’ म्हणतात. नेमकं काय कमी करू? — एक वाचक, पुणे

उत्तर : आवाजाआधी भुवया. मंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला चेहरा मोठा वापरावा लागतो. क्लोज-अपमध्ये, म्हणजे कॅमेरा चेहरा जवळून घेतो तेव्हा, तीच भुवई अर्धा पडदा खाते. फोन छातीपासून वरचा भाग दिसेल असा, डोळ्यांच्या उंचीवर ठेवून एकच संवाद तीनदा रेकॉर्ड करा : नेहमीसारखा, निम्म्या जोरात, आणि चेहरा जवळजवळ स्थिर ठेवून. आवाज बंद करून पाहा. बहुतेकांना तिसरा कंटाळवाणा होईल अशी भीती असते आणि पडद्यावर तोच बरा दिसतो.

दुसरी अडचण थांब्याची. मंचावर पंचनंतर, म्हणजे विनोदाच्या हसवणाऱ्या ओळीनंतर, तुम्ही हशाला जागा देता. सेटवर हसायची कुणाला मुभा नसते, कारण साउंड चालू असतो. तरी सवयीने तुम्ही थांबता आणि त्या दोन सेकंदांत समोरचा नट पुतळ्यासारखा उभा राहतो. थांबू नका, हशासाठी जागा नंतर एडिटर करून देतो. उलट चूकही होते : उत्साहात समोरच्याचं वाक्य तोडलं की दोन आवाज एकमेकांवर चढतात आणि तो टेक (एका वेळचं चित्रण) एडिटरला नीट कापता-जोडता येत नाही.

तिसरं, उत्स्फूर्तपणा. तोच प्रसंग आधी लांबून, मग मध्यम अंतरावरून, मग क्लोज-अपमध्ये घेतात. ‘अहो वहिनी’ म्हणताना कप उचलला असेल तर प्रत्येक वेळी ‘वहिनी’वरच उचलायचा. नवं वाक्य सुचलं तर रिहर्सलमध्ये दिग्दर्शकाला दाखवा, ठरलं की सगळ्या टेकमध्ये तेच. आणि लेन्सकडे बघू नका. प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघायची सवय इथे सगळ्यात जास्त नडते. संवाद वाचून देणाऱ्याला कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभं करा आणि नजर त्याच्यावर ठेवा.

प्रश्न : मंचावरच्या पाच मिनिटांच्या सेटसाठी (सलग सादरीकरणासाठी) किती लिहावं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : साधारण साडेचारशे-पाचशे शब्द. घरी घड्याळ लावून ते पावणेचार मिनिटांत संपले पाहिजेत, उरलेला वेळ हशाचा. घरीच पाच भरत असतील तर मंचावर शेवटचा विनोद उरकावा लागेल, आणि सगळ्यात चांगला विनोद तर शेवटीच ठेवायचा असतो. त्याच्या खालोखालचा सुरुवातीला. एक मिनिट उरलं की मागून फोनचा दिवा दाखवतात; तो दिसल्यावर नवा विषय काढू नका. माइक स्टँडमधून काढलात तर स्टँड बाजूला सरकवा, नाहीतर पाच मिनिटं तुमच्यापुढे तो खांब. माइकची जाळी मुठीत धरू नका, आवाज कोंदतो आणि शिट्टी वाजते. ‘फ’, ‘भ’ फाटत असतील तर माइक ओठांसमोर न धरता जरा हनुवटीकडे.

प्रश्न : नकला चांगल्या येतात. तेवढ्यावर काम मिळेल? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : कार्यक्रमांत आणि डबिंगमध्ये मिळू शकेल. अभिनयासाठी मात्र ऑडिशनला प्रसिद्ध नटांचे आवाज काढू नका. तो नट त्यांना हवा असता तर त्यालाच बोलावलं असतं. त्याऐवजी गावातला पोस्टमन, एसटीचा कंडक्टर, तुमची आत्या यांच्यापैकी कुणाला तरी उभं करा. पण आधी ते माणूस चालतं कसं ते पाहा, बोलणं नंतर.