कॉप्ली मेडल नोबेलपेक्षा जुनं आहे का, आणि पहिलं कोणाला मिळालं?

हो भाऊ, बरंच जुनं, नोबेल १९०१ पासून आणि लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचं कॉप्ली १७३१ पासून, म्हणजे १७० वर्षांचा फरक, आणि पहिला मानकरी स्टीफन ग्रे. मी जळगावला एमपीएससीच्या पोरांना जीके शिकवतो, सोसायटीची विजेत्यांची यादी पाहूनच सांगतोय. सर गॉडफ्रे कॉप्लीने मृत्युपत्रात १०० पौंड ठेवले होते पण ते बक्षिसासाठी नव्हतेच, प्रयोगांच्या खर्चासाठी होते, बक्षीस नंतर सुरू झालं. ग्रे मूळचा धंद्याने रंगारी, आपल्याकडे कापड रंगवणारे असतात तसाच! त्याने सुतळी रेशमी दोऱ्यांवर टांगून तिच्यातून वीज लांबवर नेऊन दाखवली, रेशमाच्या जागी धातूची तार लावली की सगळी वीज तारेतूनच निघून जायची, तिथूनच वाहक कोण अन् दुर्वाहक कोण हे कळायला लागलं. माझ्या मते प्रश्न याच्यावर यायला पाहिजे, सालावर नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, इकडच्या बऱ्याच नोट्समध्ये "१७३१ चं पहिलं सुवर्णपदक" छापलेलं असतं ते बरोबर नाही, ग्रेला १७३१ आणि १७३२ दोन्ही वेळा रोख रक्कम मिळाली, मेडल द्यायचं १७३६ मध्ये ठरलं. परीक्षेपुरती नावं:
- फ्रँकलिन १७५३
- डार्विन १८६४
- आइनस्टाइन १९२५
- डोरोथी हॉजकिन १९७६, पहिली महिला
- एस. चंद्रशेखर १९८४, जन्म लाहोरचा पण तोवर अमेरिकन नागरिक