जुना जड झूम, मोठा सेन्सर

भाऊ, दीड-दोन किलोचा जुना झूम मोठ्या सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्याला ॲडाप्टरने (मधल्या जोडकड्याने) लावला की ट्रायपॉडला कॅमेरा नाही, लेन्सची कॉलर (नळीभोवतीचं पाय असलेलं कडं) कसा. नाहीतर सगळा भार माउंटवर (कॅमेऱ्याच्या लेन्स बसायच्या तोंडावर) येतो, ॲडाप्टर किंचित वाकतो आणि फ्रेमची एक बाजू नरम, धूसर येते. मग शिव्या बिचाऱ्या लेन्सला! कॉलरच नसेल तर पाय असलेला ॲडाप्टर घ्या.

असल्या कॅमेऱ्याचा ४४×३३ मिमी सेन्सर ६४५ (६×४.५ सेंमी म्हणवणाऱ्या) फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे ६४५ चा झूम कडेपर्यंत पुरतो. ३५ मिमी फिल्मच्या झूमचे कोपरे काळे पडू शकतात. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ८ ते ११ वर चालवा, १६ च्या पुढे विवर्तनाने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) बारकावा जातो. झूम बदलला की फोकस नव्याने, स्क्रीनवर मोठं करून. कॅमेरा खाली झुकवल्यावर नळी सरकते? रुंद रबर बँड चढवा.

मे महिन्यात दूरचं काही सकाळी लवकरच टिपा. ऊन तापलं की हवेच्या लहरींनी चित्र विरघळतं. पावसाळ्यात कपाशीच्या वावरात ट्रायपॉडचे पाय काळ्या मातीत रुततात, खाली फळीचे तुकडे ठेवा. कॅमेरा हलू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा प्रत्यक्ष न हलवणारी सोय) पुरे. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर वाऱ्याने हलणारी पानं वाकडी येतात.